तुमचं काय काढून घेतलं?

ऐकलंत का? राधानगरीत साथ आली आहे. ताप-खोकल्याची नव्हे, क्रूझची. पोरगं पुण्या-मुंबईला नोकरीला चिकटलं की आई-बापाला काशीला धाडायचं, फार तर बालाजी करून आणायचं, ही आपल्याकडची रीत. ती गेली. आता निवृत्त गुरुजी सपत्नीक बोटीवर चढतात, पतसंस्थेचे माजी चेअरमन चढतात, बायकांची भिशी फुटली की अख्खी भिशी चढते. बरं, चढू देत. पण परत आल्यावर समुद्र कसा होता, असं कुणी एका शब्दानं विचारत नाही हो! विचारतात काय, तर ‘तुमचं काय काढून घेतलं?’

आणि हे चारचौघांत! एसटी स्टँडसमोर, हातात चहाचा कप धरून! पूर्वी कुणा पोलिसानं एखाद्याची पिशवी उघडून बघितली, तर तो माणूस चार दिवस तोंड दाखवत नसे. आता उलटं झालंय. बॅग मशीनमधून बिनबोभाट बाहेर आली तर तोंड लपवायची पाळी. ‘काहीच नाही काढलं?’ असं म्हणत समोरचा असा काही बघतो, की तुम्ही मुंबईला पाहुण्यांच्या घरी दोन दिवस झोपा काढून परत आलात, अशी त्याची खात्रीच पटलेली असते.

सध्या मानाचं पान भोगावतीकाठच्या एका काकूंकडे आहे. त्यांच्या एकाच बॅगेतून कांदा-लसूण चटणीचा डबा, एक किलोची गुळाची ढेप, धपाट्यांची चळत, उदबत्तीचा पुडा आणि समुद्राला वाहायचा नारळ एवढं निघालं. शिवाय इस्त्री. पण इस्त्री काकांच्या बॅगेत सापडली. तेव्हा ती कुणाच्या खात्यावर धरायची, यावर भिशीत अजून एकमत झालेलं नाही.

झालं असं, की मंडळी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर हलत-डुलत सकाळी मुंबईत उतरली आणि टॅक्सीनं बॅलार्ड पियरला पोचली. तिथलं क्रूझ टर्मिनल नवंकोरं आहे, २० सप्टेंबर २०२५ ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. थाट सगळा विमानतळाचा. काकूंनी आयुष्यभर एसटीनं प्रवास केलेला. तिथं कंडक्टर फार तर ‘हे पोतं कुणाचं?’ एवढंच विचारतो, आत काय आहे याची त्याला फिकीर नसते. इथं बॅग पट्ट्यावर ठेवली आणि ती काळ्या पडद्याआड गेली. गेली ती गेलीच.

आता या मशीनची गंमत ऐका. त्याच्या पडद्यावर नुसता आकार दिसत नाही, वस्तू कशाची आहे त्यावरून रंगही दिसतो. खाण्याचे जिन्नस, कागद, कापड, प्लॅस्टिक हे सगळं नारिंगी. लोखंड-पोलाद निळं. अधलंमधलं आणि एकावर एक आलेलं हिरवट. म्हणजे काकूंचा स्टीलचा डबा कडेनं निळा आणि आतल्या चटणीसकट हिरवा, धपाटे फिके नारिंगी आणि गुळाची ढेप गर्द नारिंगी, ठोकळाच्या ठोकळा. गुळाचा अपराध एवढाच, की तो आपल्याकडचा आहे, घट्ट आणि जड. पण असा दाट, एकजिनसी ठोकळा दिसला की मशीनपुढच्या माणसाची नजर तिथं अडकणारच, कारण स्फोटकंही त्याच रंगात आणि तशीच दाट दिसतात. काकूंच्या ढेपेला हा मान मिळाला ही बातमी गुऱ्हाळापर्यंत पोचली आहे आणि गुऱ्हाळवाल्याची कॉलर तेव्हापासून ताठ आहे.

‘मावशी, ही बॅग तुमची?’

‘व्हय, माझीच. का रं बाबा?’

‘उघडा जरा.’

काकूंनी डब्याचं झाकण काढलं आणि शेजारच्या रांगेतली तीन माणसं शिंकली.

‘चटणी हाय. घरची. यंदाची.’

‘वासावरनंच वळखली, मावशी. मी गडहिंग्लजचा. पर भाईरचं खायाचं आत न्ह्याला येत न्हाई.’

‘गडहिंग्लजचा हाईस आणि चटणी अडवतोस? आईला काय सांगशील घरी गेल्यावर?’

पोरगं खाली मान घालून हसलं म्हणे. काकूंनी मग तोडगा काढला, ‘असं कर, तूच ठेव डबा.’ तर तेही चालत नाही! डबा टेबलावर गेला. आणि त्या टेबलावर काय दिसावं? उभा महाराष्ट्र. कुणाची सोलापुरी शेंगाची चटणी, कुणाचा नाशिकचा चिवडा, कुणाची चहाची किटली, कुणाचं वायरचं भेंडोळं, एका आजोबांच्या पानाच्या चंचीतला अडकित्ता. काकू म्हणाल्या, ‘एवढं सामान बघून मला वाटलं, इथंच बसून जेवावं आणि घरी जावं.’

हे झालं काकूंच्या तोंडचं. गावात तिसऱ्या दिवशी त्यात हुंगणारी कुत्री आली. पाचव्या दिवशी कप्तान खाली उतरून आला. पंधरवड्यात तर बोट पाऊण तास थांबली होती, आणि चटणीचा वास गेट वे ऑफ इंडियापर्यंत गेल्यामुळे ताजमधल्या गोऱ्या पाहुण्यांनी चौकशी केली होती.

या झडतीला अशी झळाळी आली कुठून, असं विचाराल तर तारीख सांगता येते. २ ऑक्टोबर २०२१. मुंबईहून गोव्याकडे निघालेल्या कॉर्डेलिया क्रूझच्या प्रवाशांवर एनसीबीनं, म्हणजे अमली पदार्थ पकडणाऱ्या केंद्रीय खात्यानं, कारवाई केली, एका बड्या नटाच्या मुलाला अटक झाली आणि महिनाभर टीव्हीवर दुसरं काही दिसेना. मे २०२२ मध्ये पुरेसा पुरावा नाही म्हणून त्या मुलाचं नाव आरोपपत्रात घेतलंच नाही, ही पुढची बातमी मात्र आपल्या चहाच्या गाड्यापर्यंत पोचायची राहून गेली. लोकांच्या डोक्यात एवढंच बसलं, की क्रूझवर बॅगा तपासतात आणि तिथं मोठी माणसं असतात. मुंबई-गोवा मार्गावर त्याआधी २०१८ साली ‘आंग्रिया’ सुरू झाली, कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचं नाव लावून. पण तेव्हा आपल्याकडं कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. छापा पडला आणि बोट नावारूपाला आली. काय हा काळ! शिव शिव!

बरं, बोटीवर जाण्यात नवल ते काय? कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली बोटीनं इंग्लंडला गेले आणि परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्समध्ये वारले. त्यांची छत्री तिथं आर्नो नदीच्या काठी आजही उभी आहे. शाहू महाराज १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी गेले. तेव्हाचा काळ असा, की समुद्र ओलांडला की धर्म बुडाला. परत आलेल्याला पंचगव्य पाजून प्रायश्चित्त द्यायचे. म्हणजे झडती तेव्हाही होती, पण ती उतरल्यावर, आणि पोटात काय गेलं याची. आता ती चढताना होते, आणि पोटात काय जाणार आहे याची. शास्त्रीबुवांच्या जागी मशीन आलं एवढंच. एका बाबतीत मशीन बरं, ते दक्षिणा मागत नाही.

त्याच १९०२ च्या सोहळ्याला जयपूरचे महाराज माधोसिंग गेले. परदेशचं पाणी चालायचं नाही म्हणून त्यांनी गंगाजल बरोबर घेतलं. कशात? तांब्यात? चांदीच्या रांजणांत! एकेक रांजण ३४५ किलो चांदीचा, चार हजार लिटर पाणी मावणारा. ‘ऑलिंपिया’ नावाची अख्खी बोटच त्यांनी भाड्यानं घेतली होती. रांजण अजून जयपूरच्या सिटी पॅलेसमध्ये आहेत, जाऊन बघा. आणि आमच्या काकूंचा पाव किलोचा डबा अडतो! यालाच म्हणतात बडं घर.

आमचे शाहू महाराज मात्र वेगळे. त्याच साली त्यांनी संस्थानचं पाटबंधारे धोरण जाहीर केलं, पुढं भोगावतीवर धरणाचा घाट घातला, आणि त्याच धरणाच्या जिवावर आज आपल्या ऊसवाल्यांच्या खिशात क्रूझच्या तिकिटाचे पैसे खुळखुळतात. राजानं बोटीवरून उतरून धरण मनावर घेतलं. आपण उतरलो की चटणीच्या डब्याची शोकसभा भरवतो.

म्हाताऱ्या मंडळींना या सगळ्याचं हसू येतं. फोंडा घाट उतरून देवगड गाठायचं, तिथनं पडावात बसून खोल पाण्यात उभ्या असलेल्या बोटीपर्यंत जायचं आणि मुंबईला भाऊच्या धक्क्यावर उतरायचं, हा त्यांच्या पिढीतला रस्ता. त्या बोटीवर फणस चालायचे, आंब्याच्या करंड्या चालायच्या, पाय बांधलेली कोंबडीसुद्धा चालायची. भाकरी ज्याची त्यानं बांधून न्यायची. धास्ती असायची ती पणजीकडून येणाऱ्या सामानाची, कारण १९६१ पर्यंत तिकडं पोर्तुगीज आणि इकडं दारूबंदी. कस्टमवाला पिशवीत हात घालायचा तो बाटलीसाठी, भाकरीला कोण विचारतो?

बाटलीचा विषय निघालाच आहे, तर दाराला कडी लावून घ्या. फोंडा घाट चढून येणाऱ्या गाड्यांत गोव्याची दारू पकडल्याच्या बातम्या वाचत आपण मोठे झालो. बटाट्याच्या पोत्याखाली काय, दुधाच्या कॅनमागं काय! आणि आता तालुक्यातला एक सज्जन, माळकरी नव्हे पण एकादशी पाळणारा, गोव्याला निघालेल्या बोटीवर कोकम सरबताच्या बाटलीतून रम न्यायला निघाला. गोव्याला! उसाच्या फडात साखर घेऊन जावी तसा! मशीनला बाटलीतलं पातळ दिसतं, कोकम की रम ते सांगता येत नाही, असं त्याला कुणीतरी पढवलं होतं. मशीनला नाही सांगता आलं. झाकण उघडून हुंगणाऱ्या नाकाला आलं.

ही कला आपलीच आहे असं समजू नका. अमेरिकेतले क्रूझवाले गुळण्या करायच्या औषधाच्या बाटलीत दारू भरतात, खायचा हिरवा-निळा रंग टाकतात आणि झाकण परत चिकटवतात. तिकडं बॅगेत काही सापडलं की ती केबिनपर्यंत येत नाही. मालकाला खालच्या एका खोलीत बोलावतात आणि त्याच्या देखत उघडतात. त्या खोलीला प्रवाशांनी खोडकरांची खोली असं लाडाचं नाव पाडलंय, आणि तिथं जाऊन आल्याचं तेही घरी मिरवून सांगतात. म्हणजे साथ जगभर आहे, राधानगरीला उशिरा पोचली एवढंच.

एक सांगतो, चिडू नका. यातल्या निम्म्या गोष्टी काढून घेतात ते शंभर टक्के बरोबर आहे. इस्त्री, किटली, मेणबत्ती, उदबत्ती हे बोटीवर नकोच. भर समुद्रात आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब कुठून येणार? दीड-दोन हजार माणसं एका पत्र्याच्या पेटीत, आणि खलाशांनीच ती विझवायची. काकूंनी संकष्टीला केबिनमध्ये उदबत्ती लावली असती, तर चंद्रोदयाआधी भोंगा झाला असता. अंबाबाईचा फोटो नेऊ देतात, त्याला हात जोडावेत आणि गप बसावं. नारळाचंही तसंच. बोटीवरून समुद्रात वस्तू टाकायला आंतरराष्ट्रीय नियमानं मनाई आहे. भाव असेल तर नारळी पौर्णिमेला किनाऱ्यावर जा.

शस्त्रांचं तर विचारूच नका. ७ ऑक्टोबर १९८५ ला ‘अकिले लाउरो’ ही इटालियन बोट इजिप्तच्या किनाऱ्याजवळ पळवली गेली. पळवणारे चौघंही तिकीट काढून, प्रवासी म्हणून, सामानात हत्यारं घेऊन चढले होते. चाकाच्या खुर्चीतल्या एका म्हाताऱ्या प्रवाशाला त्यांनी मारून समुद्रात टाकलं. त्यानंतर १९८८ चा रोमचा करार झाला, आणि ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर बंदरं-जहाजांच्या सुरक्षेचे नवे नियम १ जुलै २००४ पासून जगभर लागू झाले. आपल्या चटणीच्या डब्यामागं एवढी भानगड आहे. अडकित्ता गेला म्हणून आजोबांनी मुंबईत कपाळाला हात लावला, पण पट्ट्यावर बसलेल्या पोरानं धार बघायची की आजोबांचं वय?

राहता राहिलं खाण्याचं. बंद बोटीत एकाचं पोट बिघडलं की शंभरांचं बिघडतं, म्हणून बाहेरचं शिजवलेलं अन्न नको, हे कारण रास्त आहे. दुसरं कारण असं, की आत रेस्टॉरंटं आहेत आणि धंदा त्यांनाही करायचा आहे. हे ते फलकावर लिहीत नाहीत, आपण समजून घ्यायचं. पण सीलबंद भडंगाच्या पाकिटाला तरी काय हरकत आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. चार वेळा ताटं भरभरून वाढतात, इडलीपासून पास्त्यापर्यंत सगळं असतं, आणि आमचा माणूस तिसऱ्या घासाला मान वर करून विचारतो, ‘तिखट कुठाय?’ त्याला मिरपुडीची डबी दाखवतात. कोल्हापूरच्या माणसाला मिरपूड! याची चौकशी व्हायला पाहिजे.

आता यातली खरी लबाडी सांगतो, तीही हळू आवाजात. ‘आमची पिशवी उघडायला लावली, आमची!’ म्हणून गळे काढणारी हीच मंडळी मे महिन्याच्या अखेरीला काजवे बघायला पुण्या-मुंबईची गर्दी लोटली की काय म्हणतात? ‘दाजीपूरच्या गेटवर यांच्या डिक्या उघडा, बाटल्या काढा, प्लॅस्टिक काढा, मोठे टॉर्च काढून घ्या!’ आणि बरोबरच म्हणतात. १९५८ पासूनचं हे अभयारण्य, महाराष्ट्रातलं पहिलं. ३५१ चौरस किलोमीटर जंगल, गव्यांचं राज्य. तिथं कुणी पिशवी भरून कचरा आणावा आणि आपण बघत बसावं? गेटवर थांबवलेला पुणेकर वनरक्षकाला नियम विचारायला लागला की आपल्याला केवढा आनंद होतो! मग गडहिंग्लजच्या त्या पोरानं काय घोडं मारलं?

आणि सगळ्यात कहर पुढं आहे. बोट सुटायच्या आधी किंवा सुटल्यावर लगेच सगळ्या प्रवाशांना गोळा करून लाइफ जॅकेट कसं घालायचं, संकटात कुठल्या जागी जमायचं हे शिकवतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ आडवी झाली, ३२ माणसं गेली, त्यानंतर हा नियम कडक झाला. या कवायतीला आपल्या गटातलं कोण कोण हजर होतं, असं मी विचारून बघितलं. गुरुजी केबिनमध्ये टेकले होते. चेअरमन वरच्या मजल्यावर सेल्फी काढत होते. भिशी सगळी जमली होती खरी, पण चटणीचं काय झालं हे एकमेकींना सांगण्यात कुणाला शिट्टी कुठं असते ते ऐकू आलं नाही. जॅकेटला शिट्टी असते बरं का.

ताजी खबर अशी, की पुढच्या हंगामात दूध संस्थेतला एक गट निघतोय. रोज पहाटे दुधाची फॅट लावताना मशीनपुढं निमूट उभी राहणारी ही माणसं, तिथं मात्र मशीनला फसवायच्या युक्त्या काढताहेत. चटणी औषधाच्या बाटलीत भरावी, असा एक प्रस्ताव आहे. गुळाचे खडे करून मोज्यात घालावेत, असा दुसरा. मोज्यातला गूळ परत कोण खाणार, यावर बैठक बारगळली.

तेव्हा जाणार असाल तर जरूर जा, पण तिकीट काढतानाच कंपनीची न्यायच्या आणि न न्यायच्या वस्तूंची यादी मागून घ्या आणि चष्मा लावून वाचा. रोजच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगा केबिनमध्ये यायला उशीर होतो. इस्त्री घरी राहू द्या, बोटीवर तुमची घडी बघायला कुणी बसलेलं नाही. चंची न्या, अडकित्ता काढून ठेवा. आणि चटणीचा डबा शेजाऱ्यांकडे ठेवून जा. परत मिळेलच असं नाही, पण कुणी संपवला ते तरी कळेल.